कासवाचा परवाना

प्रिय दादा,

तुझ्याकडे कायमची यायला निघालेली आई विमानतळावरूनच परत आली. सोबत बाबांचं कासव होतं. अधिकारी समजावत होते, "आजी, तिकडच्या सरकारचा परवाना नसेल तर सरपटणारे प्राणी जप्त होतात."

"हे कुठे सरपटतं? चांगलं चालतं की!" आई म्हणाली. ते हसले, पण सोडलं नाही.

मी म्हटलं, "मी सांभाळीन, तू जा."

"तुझे बाबा गेल्यापासून ते माझ्याशिवाय कुणाच्या हातून खात नाही गं."

तुला मी तिची तब्येत बिघडल्याचं खोटंच सांगितलं. परवान्यासाठी अर्जही केला. काल उत्तर आलं, पाळीव कासवं आणायला तिकडे आता बंदीच आहे.

आईला कसं सांगू? तिने बॅग अजून भरलेलीच ठेवलीय. तुलाही हे पाठवायचा धीर होत नाही.

तुझी,
धाकटी