आपल्या घरचं एक मत

पोर्टलंड, मेन
१५ ऑक्टोबर २०१७

ति. एलवुडदादास,
व्हर्नाचा सा. न. वि. वि., आणि वर थोडा राग.

राजकारण कागदावरच करायचं, कारण कागदावर आवाज चढत नाही, हा आईचा नियम मी अजून पाळते. म्हणून फोन न करता लिहिते आहे. तुझा खुबा कामातून गेलाय हे मला तुझ्या शेजारच्या क्लेराकडून कळावं? तू जिना बसून उतरतोस, लॉबस्टरचे पिंजरे धक्क्यावर तसेच पडलेत, असं ती म्हणाली. आणि अंगणात पाटी कसली, तर ‘सरकारी विमा नको’! अरे, सात नोव्हेंबरच्या मतदानात हा कायदा मंजूर झाला तर कमी कमाईच्या माणसांना सरकारी विमा मिळेल. तुझं ऑपरेशन होईल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

लोकरीचे मोजे पाठवते आहे. लोभ असावा, नसला तर मोजे परत पाठव.

तुझी,
व्हर्ना


स्प्रूस कोव्ह
२२ ऑक्टोबर

चि. व्हर्नास,
अ. उ. आ. मोजे परत मिळणार नाहीत.

क्लेराच्या तोंडाला झाकण नाही. खुबा दुखतोय, मी मरत नाहीये. आपल्या गावात कुणी आजारी पडलं की शेजारी धावतात, सरकार नाही. दर वेळी मी चर्चमागे खड्डा खणतो, निखाऱ्यांवर काकवीतल्या घेवड्याचं भांडं पुरतो, गाव पेटीत पैसे टाकून जेवतं आणि ती पेटी आजाऱ्याच्या घरी जाते. येत्या शनिवारी क्लेराच्याच डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी जेवण आहे. स्टुलावर बसून का होईना, भांडं मीच पुरणार. साहेबलोकांची दया आम्हाला नको.

मतदानाला मात्र टाउन हॉलच्या पायऱ्या चढणं जमायचं नाही, आणि टपालानं मत देणं मला मत वाटतच नाही. तेव्हा आपला करार आठव. तुझं ‘हो’ आणि माझं ‘नको’ नेहमी एकमेकांना काटतं, म्हणून एक घरी बसला तर दुसऱ्यानंही बसायचं.

ममता असू दे, उपदेश पुरे.

तुझा दादा,
एलवुड


पोर्टलंड
३० ऑक्टोबर

ति. दादास,
सा. न.

बसते बाबा घरी. तुझ्याच खुब्यासाठी द्यायचं मत तुझ्याच शब्दाखातर देत नाहीये. हसावं की रडावं कळेना. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या माझ्याबरोबरच्या बाया मला खुळी म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्या दादाला तुम्ही ओळखत नाही. पण खरं सांगू? मला तुझी फार काळजी वाटते रे. तू पुन्हा बोटीवर चढलेला मला बघायचाय.

क्लेराचं जेवण कसं झालं ते कळव. भांडतोस तेवढाच लोभही राहू दे.

तुझी,
व्हर्ना


स्प्रूस कोव्ह
९ नोव्हेंबर

चि. व्हर्नास,
अ. आ., या वेळी जरा जास्तच.

जेवणाला सगळं गाव आलं. भांडं खरवडून खाल्लं लोकांनी. नंतर पेटी उघडली, तर त्यात एका डोळ्याचंही ऑपरेशन होईना. क्लेरानं काय करावं? माझ्याच पाठीवर थोपटलं आणि घेवडा छान झाला होता म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावाचं मन मोठं आहे गं, भांडंच लहान आहे.

सात तारखेला मी ट्रक काढला आणि तिला शेजारी बसवलं. तिला धड दिसत नाही, मला चढवत नाही. मी पायरी सांगत होतो, ती मला धरत होती. आम्हाला बघून टाउन हॉलातली माणसं हसली, हसू देत.

तू करार पाळलास, मी मोडला. पत्र चुरगळू नकोस, पुढे वाच. आत जाऊन मी ‘हो’वर खूण केली. आपल्या घरचं एक मत कमी पडत होतं, तुझं. तेवढं देऊन आलो.

कायदा मंजूर झालाच आहे, लागू कधी होतो देव जाणे. पाटी मी काढलेली नाही. लोक काय म्हणतील? आणि पुढच्या निवडणुकीला घरी बसू नकोस. तुला काटायला मी त्या पायऱ्या कुणाला न धरता चढणार आहे.

लोभ आहेच. हे कुणाला सांगू नकोस.

तुझा दादा,
एलवुड