डोंगराआडच्या किनाऱ्याचा शॉर्टकट

३ ऑक्टोबर, सोमवार
लेकीने नवी टूम काढली. डोंगरापलीकडे खडकांच्या आड एक चिमुकला किनारा आहे म्हणे, शेजारीच धबधबा, चिटपाखरू नसतं. सोळा तारखेला चालत जायचं. बायको एका पायावर तयार. वर लेकीला म्हणाली, बाबांना धरू नकोस, ते नाहीच म्हणतील. मी समोर बसलेलो असताना! फार लागलं. हल्ली या घरात मला कशातच धरत नाहीत. जाहीर करून टाकलं, मी येणार, नव्हे, मीच नेणार. उभी हयात ऑफिसात डोंगरांचे नकाशे काढण्यात गेली. मला कोण वाट शिकवणार?

४ ऑक्टोबर, पहाटे
रोज चालण्याचा संकल्प. आज फक्त बूट घालून पाहिले.

७ ऑक्टोबर
बूट चावतात. चालणं स्थगित. फिटनेस मुळात मनाचा असतो.
नकाशा पसरून बसलो. पायवाट उगाच वळसे घेते. माझा शॉर्टकट जेमतेम बोटभर. बायकोला दाखवला. म्हणाली, सगळे जातात तिथूनच जाऊ की, गप्पा मारत. तिला नकाशातलं काय कळतंय!

१२ ऑक्टोबर
लिफ्ट बंद, जिना चढून आलो. तयारी उत्तम आहे. मग जेवणापर्यंत आडवा.

१६ ऑक्टोबर, रविवार, गाडीत
सगळ्या पायवाटेने गेल्या, सासूबाईसुद्धा, साध्या चपलांवर. मी शॉर्टकटने. म्हटलं, पुढे पोचून तुमचं स्वागत करतो. बायको जरा घुटमळली. मीच हात हलवून तिला पुढे पाठवलं.
शॉर्टकट बोटभरच होता. पण नकाशावर उंचीच्या रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथे कडा असतो, हे मी स्वतः ऑफिसात नव्या पोरांना शिकवतो. कड्याच्या टोकाला वाट संपली. खाली सगळं दिसत होतं. सासूबाई पाण्यात पाय सोडून बसलेल्या. बायको धबधब्याखाली चिंब होऊन हसत होती. तिला असं हसताना शेवटचं कधी पाहिलं, आठवेना. घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? फार एकटं वाटलं.
अर्थात वरून दिसतो तो व्ह्यू त्यांना कुठला मिळायला!

त्याच दिवशी, संध्याकाळी
मी आलो नाही म्हणून घाबरलात का, असं विचारलं. लेक म्हणाली, छे, आम्हाला वाटलं तुम्ही गाडीत झोपला असाल. झोपलो होतोच, पण तो मुद्दा नाही.

१८ ऑक्टोबर
पाय माझे राहिलेले नाहीत. रजा टाकली. बायकोने मलम आणून दिलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

२२ ऑक्टोबर, शनिवार
उद्या त्या पुन्हा तिथेच निघाल्यात. मी जाणार नाही, ठाम ठरवलंय. गुडघा, ऑफिसचं काम, थोडी कणकण, कारणं तयार आहेत. संध्याकाळभर पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात चकरा मारल्या. बायको डबे भरत होती. सासूबाईंनी टॉवेल काढून ठेवले. लेकीने गजर लावला, आणि दिवे मालवले.
मी नाही म्हणायला बसलो होतो. कुणी विचारलंच नाही.