बटण दाबण्याआधीचे पाच सेकंद

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, धंदा समारंभांचे व्हिडिओ आणि फोटो काढणे, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. वकीलसाहेबांच्या नमुन्यात 'स्वखुशीने' असा शब्द छापलेला होता. तो मी खोडला आहे. खुशी वगैरे काही नाही, नाइलाज झाला म्हणून लिहितो आहे. बाकी डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याच डॉक्टरांनी मला उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे.

कलम १. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि पुढच्या खोलीतला स्टुडिओ माझ्या एकुलत्या एक मुलीचा, म्हणजे ठमीचा. यावर कोणी वाद घालू नये. घालायला कोणी उरलेलेही नाही.

कलम २. कॅमेऱ्याची तिपाई समोरच्या फोटोवाल्याला द्यावी. त्याने ती एका निरोप समारंभाला उसनी नेली आणि एक पाय वाकडा करून परत आणली. वर म्हणाला, "आधीपासूनच लंगडत होती हो." आता कायमची घे म्हणावे.

कलम ३. मोठा व्हिडिओ कॅमेरा. हाही ठमीचाच, पण त्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

वीसपट झूम आहे. मागच्या रांगेतून स्टेजवरच्या माणसाच्या डोळ्यातले पाणी टिपता येते. उजेड जास्त असेल तर बाजूचे चाक फिरवून काळी काच आड आणता येते. कार्डांना दोन खाचा आहेत, एक भरले की दुसरे आपोआप सुरू होते. चालू व्हिडिओतून फोटो काढता येतो. पुढचा लाल दिवा मी काळी पट्टी लावून झाकला, कारण तो पेटला की पाहुणे पोट आत घेतात. आणि एक सोय अशी की बटण दाबण्याआधीचे पाच सेकंदही हा कॅमेरा धरून ठेवतो. टाळ्या सुरू झाल्यावर बटण दाबले तरी टाळ्यांच्या आधीचे वाक्य हाती लागते. या एका सोयीसाठी मी हा घेतला. याच सोयीने मला पकडून दिले.

कलम ४. नऊ वर्षांपूर्वी माझी बायको याच घरात, मधल्या खोलीत गेली. ठमी तेव्हा बंदरावर प्रशिक्षणात होती, समुद्रतळाचे चित्रण करणाऱ्या जहाजावर तिची निवड झाली होती. मी तिला कळवले, "गुरुवारी ये, घाई नाही." बायको बुधवारी गेली. हा माझा पहिला गुन्हा. पण तो चुकून झाला.

मंगळवारी बायको म्हणाली, "कॅमेरा लावा. ठमीला काहीतरी सांगायचंय." मी तिपाईवर कॅमेरा लावला. स्वतःकडे बघवत नाही म्हणाली, म्हणून कॅमेऱ्याचा छोटा पडदा मिटला. दिवा तर झाकलेलाच. घाईत बटण दोनदा दाबले गेले. म्हणजे चालू झाला आणि लगेच बंद झाला. आमच्या धंद्यात नवशिक्याची ही चूक, सगळे उलटे पडते. ती बोलत होती तेव्हा कॅमेरा बंद. ती दमली की मी थांबवायला बटण दाबायचो, तेव्हा चालू. चाळीस वर्षे दुसऱ्यांचे समारंभ बिनचूक टिपले आणि स्वतःच्या घरात माती खाल्ली.

त्या कार्डावर अकरा मिनिटे ती पाणी पिते, धाप टाकते, विचारते, "नीट आलं ना हो?" आणि माझा आवाज येतो, "एकदम फर्स्ट क्लास."

शिवाय प्रत्येक वेळी आधीचे पाच सेकंद. चार वेळा थांबलो, म्हणून चार वाक्यांच्या शेपट्या:
"...एवढं लक्षात ठेव."
"...किल्ली तिथेच, डब्यामागे आहे."
"...त्यांना काही होत नाही."
"...तू मात्र थांबू नकोस."

कलम ५. मी समोरच बसलो होतो, मी सगळे ऐकले आहे. ठमीला मी सांगितले की कार्ड खराब झाले, आणि आई म्हणाली, "बाबांना सांभाळ, त्यांना सोडून जाऊ नकोस." हे धादांत खोटे आहे. आई म्हणाली होती, "मी गेले की हे रडतील, चिडतील, तब्येतीचं निमित्त काढतील. मी ओळखून आहे, त्यांना काही होत नाही. जहाज सोडू नकोस पोरी. कोणी कितीही अडवलं तरी तू मात्र थांबू नकोस."

ठमीने याच टेबलावर बसून जहाजाला नकार लिहिला. मी बघत होतो. तेव्हा तोंड उघडायला हवे होते. रिकाम्या घरात एकटा राहायला मी घाबरलो. आजही घाबरतो. ती नऊ वर्षे माझ्यासोबत लोकांची लग्ने काढत हिंडली आणि एकदाही कुरकुरली नाही.

कलम ६. त्याच जहाजाने तिला पुन्हा विचारले आहे. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचे आहे. काल जेवताना म्हणाली, "नाही कळवते बाबा. आईला शब्द दिल्यासारखंच आहे ना ते." खरे सांगायला तोंड उघडले आणि मीठ मागितले.

म्हणून हे मृत्युपत्र आजच वाचले जावे. वकीलसाहेब चिडले, "अहो, माणूस गेल्यावर वाचतात हे!" मी म्हटले, "तोवर जहाज जाईल." शेवटी दुसरी साक्षीदार म्हणून तिलाच बोलावतो आहे. ज्याला मिळकत मिळते त्याची साक्ष चालत नाही, हे वकीलसाहेबांनी तीनदा बजावले. न चालो. सही करण्याआधी ती वाचेल, मला तेवढेच हवे आहे. कार्ड या कागदाला टाचले आहे.

ठमे, माफ कर असे लिहायला माझा हात धजत नाही. मला तुझी फार गरज आहे आणि तू जावेस. दोन्ही खरे आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली. दिनांक: अकरा, शनिवार.
लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले. (सही) मजकूर वाचला नाही, सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: वाचलं. कार्डही बघितलं. सही करणार नाही. त्या खोलीत मी नव्हते बाबा, तुम्ही मला येऊ दिलं नाहीत. मी कसली साक्ष देऊ? सोमवारी निघते आहे. तुमच्या गोळ्यांच्या वेळा घड्याळवाल्या काकांना लिहून दिल्या आहेत.