पोस्टरवरची इंदूमावशी

अमरावती
फेब्रुवारी २००७, मंगळवार

प्रिय ललित,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची रीत आहे, पण मी विचारणार नाही. आजारी माणूस निदान फोन तरी उचलतो. पोस्टरं लागली त्या दिवसापासून तुझा मोबाईल बंद आहे, आणि बंद करण्याआधी तू मला एवढाच एसएमएस पाठवलास, 'माझ्या हातात नव्हतं.' वा रे दिग्दर्शक! फोन बंद करता येतो, पोस्टमन बंद करता येत नाही, म्हणून आता हे पाकीट. गोष्ट साधी आहे आणि ती तुला ठाऊक आहे. तुझ्या पहिल्या सिनेमाच्या पोस्टरवर तुझ्या आईला, माझ्या इंदूमावशीला, विधवा करून टाकलंय. तुझा बाप, म्हणजे देवमनकाका, धडधाकट जिवंत आहे. आणि तू मुंबईत तोंड लपवून बसला आहेस. मावशीनं सिनेमा अजून पाहिलेला नाही. तू शेजारी बसल्याशिवाय पाहणार नाही म्हणते, आणि खेळ काही जन्मभर चालणार नाही. मला राग आलाय, ललित, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं नीट लिहिता येईल.

हे पत्र मी कॅम्पसवर कडुनिंबाखाली, मोटरसायकलवर बसून लिहितोय, कारण गाडी सोडून गेलो की चाकातली हवा जाते. हसू नकोस. यंदा विद्यापीठानं नवे स्टँड बांधले, वर पत्रे, खाली पिवळे पट्टे. एक स्टाफचा, एक विद्यार्थ्यांचा. मी तासिका तत्त्वावरचा मास्तर, जेवढे तास शिकवले तेवढाच इथला. स्टाफच्या स्टँडचा पास मला मिळत नाही, कारण मी कायम नाही. विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये घेत नाहीत, कारण मी विद्यार्थी नाही. रोज सकाळी तासाची घंटा व्हायच्या बेताला मी या फाटकापासून त्या फाटकापर्यंत गाडी फिरवत असतो आणि तिकडे पोरं वर्गात माझी वाट बघून कॅन्टीनला निघून जातात. गेटवर खुशालराव म्हणून गार्ड आहेत. भला माणूस, पण नियमाला पक्का. मला म्हणाले, "तुमी सर हा का स्टुडंट हा, ते आदी ठरवून घ्या. मंग गाडी लावा." एकतिसाव्या वर्षी हे ठरवायला कोणाकडे जायचं, सांग. झाडाखाली लावली तर गुलाबी पावती ब्रेकमध्ये खोचून जातात, दुसऱ्यांदा सापडली तर हवा सोडतात. त्या गुलाबी पावत्यांचा माझ्याकडे एक गठ्ठा झालाय.

पोस्टरचं लिहायचं आहे आणि मी पार्किंगचं सांगत बसलोय. खरं म्हणजे पोस्टरवर यायलाच नको वाटतं. तू आपल्या मूर्तिजापूरच्या स्टेशनवर शूटिंग केलंस ते दिवस आठवतात तुला? नॅरोगेजची छोटी गाडी अडकलेली, वऱ्हाडी मंडळी डब्यातच, आणि बँडवाले उतरून फलाटावर वाजवताहेत. बँडचे लाल कोट माझ्या अब्बांनी शिवले होते आणि एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या म्हणून तो क्लॅरिनेटवाला शेवटपर्यंत आखडून उभा राहिला. इंदूमावशीला तू वऱ्हाडातली एक बाई म्हणून उभी केलीस. नवरदेव घोड्याऐवजी हमालाच्या हातगाडीवर बसला तेव्हा ती जी हसली, ती काही अभिनय करत नव्हती. पदर तोंडावर, डोळ्यांत पाणी, कपाळावर तिची ती ठसठशीत टिकली. 'उशिराची वरात' हे नाव तेव्हाच ठरलं. मी त्या दिवशी घरी जाऊन बहिणीला, नगमाला, म्हणालो होतो की ललितनं आपल्याकडचं हसणं पकडलं, आजवर कोणी पकडलं नव्हतं.

आणि पोस्टर? भेगाळलेली पांढरट जमीन. आपल्याकडची तर नाहीच ती, आपली जमीन अशी पांढरी कुठे असते? वर नावाखाली 'काळ्या मातीचा हुंदका'. आणि मधोमध मावशीचा तोच हसतानाचा फोटो. रंग काढून घेतलेला, पदर तोच, डोळ्यांतलं पाणी तेच, फक्त टिकली पुसलेली. हसणाऱ्या बाईला रडायला लावणं एवढं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. विदर्भ म्हटलं की हेच चालतं, असं तुला त्या जाहिरातवाल्यांनी सांगितलं असेल. मी असं म्हणत नाही की इथं रडण्यासारखं काही नाही. माझ्या वर्गातली दोन पोरं मागच्या वर्षी परीक्षेला बसली नाहीत. का, ते वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी कोणाला विचारलं नाही. रोजचा पेपर आम्हीही वाचतो. म्हणून तर तुझ्या सिनेमाची एवढी वाट पाहिली होती.

आता तुला जे कोणी कळवलं नसेल ते सांगतो. दर्यापूरकडच्या पार्बताबाई, मावशीची चुलतबहीण, अकोल्याला दवाखान्यात गेल्या होत्या. स्टँडजवळच्या भिंतीवर त्यांनी पोस्टर पाहिलं. वाचता येत नाही, पण बहिणीचा चेहरा आणि उघडं कपाळ तर दिसतं! सध्याच्या दिवसांत असा फोटो भिंतीवर लागला की माणूस काय समजणार? त्यांनी आणखी तीन बायकांना घेतलं, एसटी पकडली आणि मूर्तिजापुरात तुमच्या दारात येऊन हंबरडा फोडला. आळीतली माणसं धावली. आणि आतून देवमनकाका बाहेर आले, गालाला दाढीचा फेस, हातात वस्तरा. पार्बताबाईंनी डोळ्यांवरचा पदर काढला. "अवो भाऊ, तुमी हा का?" काका म्हणाले, "हाव. चहा घेता का?" आळी आठ दिवस हसत होती, पण मी त्या संध्याकाळी गेलो तेव्हा काका हसत नव्हते. सारा जन्म रेल्वे फाटकावर काढला त्यांनी, हिरवा आणि लाल झेंडा दाखवत. एवढ्या वर्षांत कोणाला चुकीचा झेंडा दाखवला नाही. मला म्हणाले, "शाकीब, त्याले सांग, मी जित्ता आहो." बस एवढंच. मावशी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "कुंकवा-बिंकवाचं आपल्यात कोन मानते रे? टिकली मले आवडते म्हून लावतो मी. पन माह्या कपाळावरची काढाले ते कोन?" ते कोण, हे तूच येऊन सांग.

मग गेल्या शुक्रवारी सिनेमा लागला. अकोल्यात मी पहिला खेळ पाहायला गेलो. थिएटरात मी, डोअरकीपर आणि पंखे. बाहेर तुमच्या जाहिरातवाल्यांची रिक्षा फिरत होती, भोंग्यातून सनईचे रडके सूर आणि एक बाई गळा दाटून 'पाहा, एका मातीचा आक्रोश' म्हणत होती. पानठेल्यावरच्या माणसाला मी म्हटलं, बघा हो, हसवणारा सिनेमा आहे, आपल्या इकडचा आहे. त्यानं चुना लावता लावता रिक्षाकडे बोट केलं आणि म्हणाला, "आपलंच मयत आपनच तिकीट काढून पाहाव का?" यात त्याची काय चूक, तूच सांग. ज्याच्या घरी आधीच सुतक आहे त्याला तुम्ही सुतकाचं आमंत्रण पाठवता आणि वर म्हणता प्रेक्षक येत नाहीत.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शनिवारी राजापेठेतल्या एका छापखान्यात जाऊन मी हँडबिलं छापून घेतली. 'उशिराची वरात. हा सिनेमा रडायचा नाही. पोस्टरवर जाऊ नका, आत या.' मालकाकडे कोणाच्या तरी कामातला गुलाबी कागद उरला होता, तो त्यानं वापरला. मी ते सगळे गठ्ठे घेऊन थेट कॅम्पसवर आलो आणि विद्यार्थ्यांच्या स्टँडमधल्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये एकेक खोचत सुटलो. संख्याशास्त्र शिकवणारा मी, एवढा साधा हिशेब मला कळला नाही की आमच्या कॅम्पसवर ब्रेकमधला गुलाबी कागद म्हणजे एकच गोष्ट असते. तो उरलेला कागद पार्किंगच्या पावत्यांचाच होता! पोरं सुटली, लांबूनच गुलाबी रंग पाहिला, आणि स्टँडमध्ये नीट लावलेल्या गाड्यांनाही दंड केला म्हणून एकच गिल्ला. कागद न वाचता, मुठीत धरून, सगळा घोळका कार्यालयावर. 'पार्किंग समिती मुर्दाबाद'. खुशालराव बिचारे शपथा घेत होते की मी नाही लावल्या. शेवटी एका अधिकाऱ्यानं चष्मा लावून त्यातला एक मोठ्यानं वाचला, 'हा सिनेमा रडायचा नाही', आणि जे हसू फुटलं, ते थांबेना. मला खुलासा मागणारा कागद मिळालाय. उद्यापासून गाडी महिनाभर आत आणायची नाही. पण रविवारी दुपारी तीच पोरं अमरावतीच्या थिएटरात शिट्ट्या मारत होती आणि मॅनेजरनं मला बाहेर बोलावून सांगितलं की दुपारचा एक खेळ पुढचा आठवडाभर ठेवतो.

ही बातमी द्यायला मी रविवारीच मूर्तिजापूरला गेलो. घराला कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, दोघं स्टेशनरोडला गेलीत. जाऊन पाहतो तर देवमनकाका तुझ्या पोस्टरसमोर टाचा उंच करून उभे. हातात बेबीताईच्या दुकानातून आणलेलं टिकल्यांचं पाकीट, लाल, मोठ्या. ते एक टिकली काढून पोस्टरवर लावत होते आणि मावशी रस्त्याच्या पलीकडून ओरडत होती, "अजून वर. तिरपी गेली तुमची. वर घ्या ना जरा. हां." गावातली सगळी पोस्टरं त्यांनी अशीच फिरून केली म्हणे. मी पलीकडे मावशीशेजारी जाऊन उभा राहिलो आणि पाहिलं. ललित, टिकली लागली आणि ती बाई हसायला लागली. भेगा तशाच, तो हुंदका तसाच छापलेला, पण मधली बाई खदाखदा हसतेय हे कोणालाही कळत होतं. येणारे जाणारे थांबत होते. सायकलवरचा एक जण म्हणाला, "अरे, हे तं आपल्या फाटकवाल्याची बायको हाय!" काकांनी वळून त्याला सांगितलं, "हाव, आनि मी फाटकवाला." माझे डोळे भरून आले. तुझी इतकी आठवण आली आणि तुझा इतका राग आला की तिथल्या तिथे तुला फोन लावला. बंद.

आता हे पत्र का, ते सांगतो. अमरावतीत राजापेठेच्या चौकात तुमच्या लोकांनी ते अवाढव्य होर्डिंग लावलंय ना, त्यावर मावशीचं कपाळच एखाद्या खोलीच्या दाराएवढं आहे. काकांनी ते अजून पाहिलेलं नव्हतं. परवा मीच बोलून बसलो. त्यांनी लगेच विचारलं, "शिडी भेटते का तिथं?" नगमानं अब्बांच्या दुकानातून बँडच्या कोटाचं उरलेलं लाल कापड आणलंय आणि परातीएवढी टिकली कापून ठेवलीय. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं दोघं येताहेत. आधी टिकली, मग दुपारचा खेळ, असं काकांनी ठरवलंय. त्यांचे गुडघे तुला माहीत आहेत. घरच्या ओट्याच्या दोन पायऱ्या ते भिंतीला धरून उतरतात. मी म्हटलं, मी चढतो, तर म्हणाले, "बायको माही हाय." मावशीनं मला निघताना बाजूला घेतलं. त्यांना अडवू नको म्हणाली, ऐकणार नाहीत. फक्त म्हणाली, "त्याचा बाप कोनाचंच आयकत नाही. पोरगा चढला तंच बाप उतरन खाली. ललितले लिही." तर लिहिलं. शनिवारी रात्रीची गाडी तुला मिळेल. आलास तर सिनेमाची तिकिटं चार काढतो, मावशीच्या बाजूची खुर्ची तुझी. नाही आलास तर दोनच, मावशी बाहेर बसून राहील. शिडी मी खालून धरून ठेवतो, ललित. वर तुझ्या बापानं चढायचं की तू, ते तू ठरव.

रागावलेला, तरी तुझाच,
शाकीब