गॅलरीतील कुंड्यांचा क्रम न बदलण्याविषयी

प्रथम एक तक्रार नोंदवून ठेवतो, कारण मेल्यावर ती नोंदवायला कुठलं कार्यालय उघडं सापडेल याची खात्री नाही. गेली सहा वर्षं तिसऱ्या माळ्यावरील एक व्यक्ती माझ्या गुलाबाच्या कुंडीत चहाचा चोथा टाकते. चोथा हे उत्तम खत आहे असं मीच साऱ्या माळ्याला सांगत फिरलो, ही माझी चूक मान्य. पण तो धुवून, वाळवून टाकायचा असतो. दुधा-साखरेसकट, वर आल्याचा तुकडा ठेवून टाकला तर त्याला मुंग्यांचा भंडारा म्हणतात. सदर व्यक्तीचं नाव मी येथे लिहीत नाही. खोली क्रमांक छत्तीसच्या सीमाताईंनी हे मनाला लावून घेऊ नये.

आता रीतसर.

मी, हितेंद्र कुशाबा धुरी, वय वर्षे छप्पन्न, धंदा शाळेत संस्कृत शिकवणे, राहणार खोली क्रमांक चौतीस, तिसरा माळा, लालबाग, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. तळमजल्यावरच्या डॉ. प्रिती सामंत यांनी तसा दाखला दिला आहे आणि माझ्या पत्नीने तो ऐकून "बघू" असं म्हटलं आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. येत्या मंगळवारी परळच्या इस्पितळात माझी छाती उघडून हृदयाची एक झडप बदलायची आहे, तो दबाव धरायचा असेल तर धरावा. सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठून कुंड्या बघून आलो. जागच्या जागी आहेत.

कलम १. खोलीचा भाडेहक्क, बँकेतली शिल्लक, भविष्यनिर्वाह निधी आणि घरातल्या सर्व वस्तू माझी पत्नी सौ. दर्शना हिच्या. यावर वाद नाही. मुलगी अनुजा हिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, डोंबिवलीत मला दोन बाल्कन्या आहेत आणि दोन्हीत तुमचीच झाडं आहेत. अजून काय देताय?" सबब तिचा हिस्सा तिला हयातीतच पोचला आहे असं समजावं.

कलम २. हे कलम मुख्य आहे. बाकीची याच्या सोबतीला आहेत.

दर्शनाला काचबिंदू आहे. नजर कडांकडून गेली, आता बांगडीतून पाहावं तेवढं मधलं दिसतं, आणि पहाटेच्या अंधारात तेही नाही. तिने काठी घ्यायचं नाकारलं. "काठी घेतली की लोक बाजूला होतात. मला नाही आवडत कुणी माझ्यासाठी बाजूला झालेलं." आमच्या खोलीपासून नळ आणि संडास गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, चव्वेचाळीस पावलं, मध्येच डाव्या हाताला जिना, त्याला कठडा नाही. म्हणून नऊ वर्षांपूर्वी मी झाडं लावायला घेतली. साऱ्या चाळीला वाटलं, मास्तरांना पन्नाशीच्या आधीच वानप्रस्थाचे वेध लागले.

कुंड्यांचा क्रम येणेप्रमाणे, सर्व उजव्या हाताला, गॅलरीच्या कठड्याच्या बाजूने. आमच्या दाराशी कृष्ण तुळस. बारा पावलांवर गवती चहा. त्याची पाती मुद्दाम बाहेर लोंबती ठेवली आहेत, लुगड्याला लागली की वास सुटतो. वीस पावलांवर, जिन्यासमोर, झेंडूच्या दोन कुंड्या. झेंडूची फुलं लोकांना आवडतात, त्याच्या पानांचा उग्रपणा मला कामाचा. त्याचा अर्थ एवढाच, की कठडा सोडू नये. पुढे पानओवा, कढीपत्ता. आणि चव्वेचाळिसाव्या पावलाला, नळाच्या दारासमोर, मोगऱ्याच्या जातीचा मदनबाण. मदनबाणाला वळायचं.

निवड करताना मी शोभा पाहिली नाही असं नाही. पण कर्दळ सुंदर असून मुकी आहे, क्रोटन रंगीत आहे आणि त्याला वास नाही. म्हणून ती बाद. जास्वंद सीमाताईंच्या आग्रहाखातर पूजेसाठी ठेवली आहे, तिला या मार्गात काही काम नाही. दादरला रोपं घ्यायला गेलो तेव्हा मी विक्रेत्याकडे 'भूस्तृण' मागितलं. तो म्हणाला, "काका, वो माल नहीं आता. ये लेमनग्रास ले जाओ, सेम टू सेम काम करेगा." तेच होतं. शास्त्र आणि बाजार यांचं इतकं एकमत मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

ही गॅलरी सर्वांची आहे, माझ्या मालकीची नाही, हे मला कळतं. मी गॅलरी कोणाला देत नाही. मी फक्त क्रम देत आहे, आणि तो तिसऱ्या माळ्यावरच्या सर्व बिऱ्हाडांना मिळून देत आहे.

कलम ३. देखभाल. गवती चहा खोडापासून चार बोटं ठेवून कापावा, सगळा एकदम कापू नये. कापलेला सदतीसमधल्या गौतमने न्यावा, तो नेतोच. पानओव्याला पाणी कमी. त्याची भजी करायला हरकत नाही, पण पानं खालची घ्यावीत आणि दोन भजी दर्शनाला द्यावीत. कढीपत्त्याला महिन्यातून एकदा आंबट ताक. झेंडू तीन-चार महिन्यांत संपतो. जुना उपटण्याआधी नवा तयार हवा, जिना एक दिवसही झेंडूवाचून राहता कामा नये. गौतमचा भाऊ शिवडीच्या गोदामात आहे, त्याच्याकडून तागाच्या गोण्या आणाव्यात, उन्हाळ्यात कुंड्यांभोवती गुंडाळायला.

चैत्र-वैशाखात खाली मसाल्याच्या गिरण्या जोरात सुरू झाल्या, की मिरची भाजल्याच्या वासात माझी सगळी झाडं मुकी होतात. त्या दोन महिन्यांत दर्शनाबरोबर कोणीतरी नळावर जावं. सोबत म्हणून जाऊ नये, तिला कळेल. भांडण उकरून काढावं. भांडायला ती कोणाहीबरोबर चालते.

कलम ४. किरकोळ. माझं खुरपं, झारी, कात्री आणि वडिलांची गिरणीतली लाकडी बॉबिन अनुजाला. वडील सूतखात्यात होते. संपानंतर ते रिकाम्या हाताने परतले, हातात ही एक बॉबिन. तिच्या टोकाने मातीत भोक पाडलं की बी बरोबर एक पेर खोल जातं. संस्कृतचे शब्दकोश शाळेला. त्यांत दाबलेली पानं आहेत, ग्रंथपालांनी झटकू नयेत. कोरफड सीमाताईंना. ती काहीही सहन करते, चहासुद्धा.

मनी प्लांट मी कोणालाही देत नाही. तो चोरून आणला तरच वाढतो असा आपल्याकडे नियम आहे. मृत्युपत्राने दिला तर बिचारा वाळेल. सबब ज्याला हवा त्याने तो चोरावा. अनुजाने त्यासाठी तेराव्याला दहा मिनिटं पाठ फिरवून उभं राहावं.

इमारत पुनर्विकासाला गेली तर बिल्डरच्या कागदावर 'लँडस्केप गार्डन' आहे. चित्रात त्यात ताडाची आठ झाडं दिसतात. ताडाला वास नसतो. नव्या घरात दारापासून लिफ्टपर्यंत किती पावलं आहेत ती अनुजाने मोजावीत आणि वरचा क्रम तसा बसवून घ्यावा. बिल्डरने नाही म्हटलं तर विकासला पाठवावं.

विकासचं नाव आलंच आहे, तर पुढचं कलम आत्ताच लिहितो. मघापासून ते टाळून मी मनी प्लांटवर बोलत होतो.

कलम ५. विकास पालव, खोली क्रमांक एकोणचाळीस, आमच्या मंडळाचा सेक्रेटरी. तीन वर्षांपूर्वी गणपतीआधी मंडळाच्या पोरांनी गॅलरीला रंग काढला. त्यासाठी माझ्या कुंड्या आठ दिवस गच्चीवर नेल्या, मला विचारून, एकही पान न मोडता. ते आठ दिवस पहाटे नळापर्यंत दर्शनाशी भांडत मी गेलो. रंग वाळल्यावर परत आणून दाराशी ठेवल्या. विकास म्हणाला, "काका, लावून देऊ का? तुम्ही फक्त सांगा." मी म्हटलं, "नको रे, तुम्ही उंचीप्रमाणे लावाल. माझं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे दर्शना नळावर निघाली आणि जिन्यात पडली. उजवं मनगट मोडलं. अजून तिला त्या हाताने पोळी लाटता येत नाही.

दुपारी विकास हातात शहाळी घेऊन आला. "काका, माफ करा. पोरांनी कुंड्या उलटसुलट केल्या असणार. चुकी माझी." मी म्हटलं, "असू दे." सगळ्या चाळीने ते ऐकलं. तेव्हापासून तिसऱ्या माळ्यावर हेच चालत आलं आहे, की विकासच्या पोरांमुळे धुरीकाकूंचा हात गेला. तो मोठ्या आवाजात बोलायचा, तो आमच्या दारावरून हळू जायला लागला. त्यानंतर एकाही गणपतीत त्याने आमच्या बाजूच्या गॅलरीत माळ सोडली नाही, की मांडवाचा एक बांबू टेकवला नाही. त्याच्या आईने, मीराबाईंनी, एकदा मला गाठून विचारलं, "मास्तरांनू, माझ्या झिलान नेमका काय केल्यान, ता तरी सांगा." मी म्हटलं, "जाऊ दे, वहिनी, झालं गेलं." या उत्तराबद्दल मला शिक्षा नेमून दिलेली असेल तर ती योग्य आहे.

विकासने काही केलं नव्हतं. कुंड्या मीच लावल्या, सगळ्या बरोबर लावल्या, एक सोडून. गच्चीवरच्या उन्हात मदनबाण असा फुलला होता, जसा नळाजवळच्या सावलीत सहा वर्षांत कधी फुलला नव्हता. त्याला पुन्हा त्या अंधारात ठेवायला माझा हात होईना. जिन्यासमोर अकरापर्यंत ऊन असतं. मी तो तिथे, झेंडूच्या शेजारी ठेवला. दर्शनाला सकाळी सांगू, असं ठरवलं. मदनबाण भर फुललेला असला की झेंडूचं कोण ऐकतो? ती वास आला तिथे वळली.

झाडाचं भलं पाहिलं आणि झाड कोणासाठी लावलं ते विसरलो. संध्याकाळपर्यंत मी कुंडी गुपचूप नळासमोर नेऊन ठेवली होती.

हे दर्शनालाही माहीत नाही. मृत्युपत्र वाचून दाखवलं जाईल तेव्हा ते अनुजाने न गाळता मोठ्याने वाचावं, आणि गॅलरीत उभं राहून वाचावं. मी परत आलो तर मला स्वतःला सांगावं लागेल. ती सोय या कागदात नाही. मंगळवारच्या आत सांगावं असं गौतमचं म्हणणं आहे. "अरे, मेल्यावर माफी मागतोस म्हणजे समोरच्याने नाही म्हणायची पण सोय ठेवत नाहीस," असं तो काल म्हणाला. त्याचं बरोबर असतं, म्हणूनच त्याच्याशी बोलणं अवघड जातं.

कलम ६. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी विकास पालव याला नेमतो. त्याने नाकारलं तर तो त्याचा हक्क आहे आणि त्याबद्दल कोणी त्याला बोलू नये. त्याने होकार दिला तर त्याच्यावर एकच काम आहे. कुंड्या हलल्या तर त्याने त्या जागी ठेवाव्यात. पावलं त्याने दर्शनाच्या पावलांनी मोजावीत, त्याची स्वतःची लांब पडतात. आणि सकाळी पाणी यायच्या वेळी गॅलरीत बादली पडल्याचा आवाज आला, तर हाकेची वाट न पाहता त्याने बाहेर यावं.

हाकेचं लिहिलं, त्याचं कारण सांगतो आणि थांबतो. त्या दिवशी ती पडली तेव्हा मी घरात पेपर तपासत होतो, दार उघडं होतं, मध्ये वीस पावलं होती. ती पाचव्या पायरीवर मोडकं मनगट मांडीत धरून बसून राहिली. गौतम पाळी संपवून वर आला, त्याला ती दिसली. तोपर्यंत नळाचं पाणी जाऊन अर्धा तास झाला होता. मी विचारलं, हाक का नाही मारलीस? म्हणाली, "तुम्ही पेपर तपासत होता."

झडप बसेल की नाही, ते डॉक्टर बघतील. मला भीती ही आहे, की ती पुन्हा पडेल आणि कोणालाच हाक मारणार नाही. यावर कुठलं झाड लावावं ते मला माहीत नाही.

लिहून ठेवणार:
हितेंद्र कुशाबा धुरी (सही)

आम्हां दोघांच्या समक्ष त्यांनी वाचून सही केली. आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: गौतम बुधाजी तांबे, खोली क्रमांक सदतीस (सही). मला यात काहीही दिलेलं नाही, हे वाचून पाहिलं.
साक्षीदार २: डॉ. प्रिती सामंत, तळमजला (सही)

स्थळ: लालबाग, मुंबई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार