विमलावर आलेला आळ

मी, हरिश्चंद्र बाबली कांदळगावकर, वय ५९, राहणार मालवण, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दडपण आहे ते माझ्याच मनाचे. त्याची नोंद कलम तीनमध्ये आहे.

१. राहते घर, परसातले माड आणि बँकेतली शिल्लक पत्नी लीला हिला. तिने माझे पुष्कळ ऐकून घेतले.

२. चुलतभाऊ दत्ताराम याला माझी सायकल. विहिरीचा पंप त्याने नऊ वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेला आहे, तोही आता त्याचाच. मागून मागून मी दमलो.

३. माझा संगणक, सर्व फ्लॉप्या आणि वह्या विमला परुळेकर हिला. कारण सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

मुंबईची नोकरी संपवून आल्यावर, १९८७ साली, मी इथल्या एका धर्मादाय दवाखान्यासाठी रक्तदात्यांच्या यादीचा प्रोग्राम लिहिला. तिथे कामाला असलेली विमला तो चालवत असे. पडद्यावर काय दिसावे आणि यादीत कसे शोधावे, हे मी एकाच फायलीत कालवून ठेवले होते. ती एकदा म्हणाली, "भाई, पडद्यावरची अक्षरां येगळी ठेवा, शोधूचा काम येगळा. मगे अक्षरां बदलूक तुमका बोलवूक लागाचा नाय." मला ते पटले होते. पण मग मला कोण बोलावणार? मी तिला हसण्यावारी नेले.

गेल्या श्रावणात डॉक्टर म्हणाले, पडद्यावर रक्तगटाची 'ओ+' अशी नुसती खूण नको, 'ओ पॉझिटिव्ह' असा पूर्ण शब्द दिसू दे. मी शब्द घातला. यादीत मात्र खूणच होती, आणि माझा प्रोग्राम पडद्यावरची अक्षरेच यादीत शोधत होता. त्याच आठवड्यात धामापूरची जानकी बाळंतपणात अत्यवस्थ झाली. यंत्राने दाखवले, दाता नाही. यादीत तिच्या गटाचे अकरा होते. बाजारात हाका मारल्यावर अलीमियाँ धावून आले, त्यांनी रक्त दिले, म्हणून ती वाचली.

दवाखान्याच्या समितीने जाब विचारला तेव्हा मी म्हणालो, "मुलीने नावे नीट भरली नसतील." विमलाला कामावरून काढले. चूक मी दुसऱ्या दिवशी गुपचूप दुरुस्त केली. दोन ओळींचे काम होते.

माझ्या मृत्यूनंतर लीलाने हे कलम समितीपुढे, विमलाला समोर बसवून, मोठ्याने वाचावे.

४. हा मसुदा मी लीलाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुमी जिते आसास मां? मगे मेल्यार कित्याक? त्या पोरीन तवसर मान खाली घालून ऱ्हवूचा काय?"

दुरुस्ती : कलम तीनमधील शेवटचे वाक्य मी खोडले असून शेजारी सही केली आहे. त्याऐवजी असे वाचावे : हे कलम मी स्वतः येत्या सोमवारी समितीपुढे वाचीन. विमलाला बोलावणे करायला आत्ताच तिच्या घरी निघालो आहे. ती दार उघडेल की नाही, ठाऊक नाही.

सही : ह. बा. कांदळगावकर
साक्षीदार : १. अलीमियाँ इस्माईल मुजावर २. काशिनाथ भिकाजी सामंत
मालवण, शनिवार, ८ एप्रिल १९८९