नळाला गार पाणी आलं

अजमान
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय सोमनाथचे बाबा,

हे 'प्रिय' सूनबाईनं, ममतानं लिहिलंय, मी सांगितलेलं नाही. ती म्हणते, आई, पत्र असंच सुरू करतात. म्हटलं, लिही बाई. लाजले तर गोठ्यामागं जाऊन वाचतील. चष्मा शोधत बसू नका, डोक्यावरच असेल.

तुम्ही म्हणाल, रोज फोनवर बोलतो की, मग पत्र कशाला? बोलतो कुठं? तुम्ही व्हिडिओ लावता आणि फोन कानाला धरता. जूनपासून मी तुमचा कान बघतेय. त्यातले केस कापून घ्या, झाडोरा माजलाय नुसता. परवा मी म्हटलं, दिवाळी झाली की इकडं या, थंडीत दोघं राहू, मग मिळून घरी जाऊ. तर तुम्ही 'नाही' म्हणालात, कान बाजूला झाला आणि मला कितीतरी वेळ गोठ्याचं छप्पर दिसत राहिलं. माणसानं नाही म्हणावं, पण निदान समोर तोंड तरी ठेवावं. म्हणून हे पत्र. ह्यात तुम्हाला मधेच फोन ठेवता येणार नाही. शहनाझचा भाऊ लियाकत दाभोळला निघालाय, तो आणून देईल. शहनाझ म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरची, आपल्याच बाजूची. तिच्याशी बोलायला लागलं की अजमान आहे की दापोलीचा बाजार, कळत नाही. लियाकतला चहा द्या. फक्कड द्या, तुम्ही पिता तसला काढा नको.

आधी इकडची खुशाली. मी ज्या कामासाठी आले ते काम आता झालं. ममताचं प्लास्टर निघालं, ती आता घरात विनाकाठीची चालते आणि आज पोळ्याही तिनंच केल्या. जरा जाड होत्या. लिही, लिही, बघतेय काय माझ्याकडं? तर सांगत काय होते, ही पाय मोडून घरात बसली तरी हिचं ऑफिस काही बसेना. पाय उशीवर, मांडीवर कम्प्युटर. त्यात ऑफिसनं एक वर्ग लावला, मन शांत करायचा. एक बाई पडद्यावर आली आणि म्हणाली, एक मनुका घ्या, तोंडात ठेवा, चावू नका, तिच्याकडं लक्ष द्या. आमची सून डोळे मिटून त्या मनुकेकडं लक्ष देत होती आणि एका हातानं मेसेज पाठवत होती. वैभवीचं तर त्याहून वरचढ. तिचं घड्याळ तिला सांगतं, आता श्वास घे. पंधरा वर्षांची घोडी झाली, आजवर कुणाला विचारून घेत होती? मी बोलले तर म्हणते, 'आजी, चिल.' आणि आपला सोमनाथ. सकाळी दुबईला जाताना सिग्नलला पोहे खातो, येताना तिथंच अडकून फोनवर हिशेब सांगतो. घरी आला की चेहरा असा, जणू गाडी त्याच्या पाठीवर बसून आलीय.

मी पहिले काही दिवस गप्प बघत बसले. मला गप्प बसता येतं, तुम्हाला माहीत नाही एवढंच. मग शहनाझच्या ओळखीच्या दुकानातून कडवे वाल आणवले. भिजत घातले, फडक्यात बांधले. ह्यांच्या एसीत त्यांना मोड येईनात, म्हणून गाठोडं उचलून बाल्कनीत ठेवलं. उन्हाळा कशाला तरी उपयोगी पडला. मग कोमट पाणी, मधोमध परात, आणि सगळ्यांना भोवती बसवलं. म्हटलं, बिरडं खायचंय ना? सोला. एकेक दाणा. घाई केली तर डाळिंबी मोडते, नाही तर सुटून भिंतीवर जाते. वैभवीची पहिली डाळिंबी पंख्याला लागली, दुसरी बापाच्या चष्म्याला. सगळे खोखो हसले. सोमनाथचा फोन दोनदा वाजला, पण बोटं चिकट, घेणार कसा? तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यानं मानही वळवली नाही. त्या दिवशी ममता मला म्हणाली, आई, त्या मनुकेवाल्या बाईपेक्षा तुमचा वर्ग बरा. मी म्हटलं, माझ्या वर्गात शेवटी जेवायला मिळतं. आता दर शनिवारी वाल भिजतात. ह्या घरात आजकाल कुणालाच घाई नसते असं मी म्हणत नाही. पण शनिवारी दुपारी नसते.

आता मुद्द्यावर येते. इतकी वर्षं इथं राबलात, पण इथला उन्हाळा तुम्ही मला कधीच सांगितला नाहीत.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तोंड धुवायला गार पाण्याचा नळ सोडला आणि हात भाजला. घरभर ओरडले, गिझर चालू ठेवून झोपलं कोण? सोमनाथ हसायला लागला. म्हणाला, आई, गिझर बंदच आहे. उन्हाळ्यात इथं सगळं उलटं. गच्चीवरची टाकी तापते, म्हणून गार नळाला कढत पाणी. गिझर बंद ठेवायचा, त्यात साठलेलं पाणी घरातल्या घरात निवतं, म्हणून गार हवं तर गरम पाण्याचा नळ सोडायचा. म्हटलं, धन्य तुमचा देश. आणि मग तिथंच, नळाखाली बोटं धरून, मला तुमच्या बादल्या आठवल्या.

तुम्ही कायमचे घरी आलात त्याला इतकी वर्षं झाली. रोज दिवेलागणीला न्हाणीत बादल्या भरून ठेवता, वर फळी झाकता, आणि सकाळी त्यातल्याच पाण्यानं आंघोळ करता. दारात विहीर, तिचं पाणी बर्फासारखं. आम्ही बायका किती हसलो. जाऊबाई म्हणायच्या, भावोजी पाणी शिळं करून घेतात. मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, असू दे, सवय आहे. कसली सवय, ते मला सोमनाथनं सांगितलं. तुम्हा कामगारांच्या कॅम्पात नळाचं पाणी अंगावर घेता यायचं नाही, म्हणून माणसं आदल्या संध्याकाळी बादली भरून खाटेखाली ठेवायची, पहाटेच्या बससाठी. बादलीवर रंगानं नाव घातलेलं असायचं. तुमचंही होतं, म्हणाला. आणि पत्रात काय यायचं? मास्तर वाचून दाखवायचे, 'इकडे सर्व ठीक आहे, काळजी नसावी.' एवढंच दर वेळी. मला वाटायचं, ह्या माणसाला लिहायचा कंटाळा. लिहिता येत असून असा कंटाळा, आणि मला येत नाही तर माझ्या पोटात हे एवढं.

तेव्हा आता मला कळलं, की भात कापायचंय, गाय व्यायला झालीय, पडवळाचं बी धरायचंय, ही सगळी फोनवर सांगायची कारणं आहेत. भात तुम्ही येईस्तोवर कणगीत जाईल. गाय माघाशिवाय व्यायची नाही, तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. पडवळाचं बी खालच्या आळीतली विनिता धरील, गोठाही बघेल, तिच्याशी माझं बोलणं झालंय. आता उरलं काय, तर तुमचं 'नाही'. आणि ते 'नाही' तुम्ही ज्या गावाला म्हणताय ना, ते तुमचं कॅम्पाचं गाव, मी बघतेय ते नव्हे. झोपेत बसमध्ये चढायचं, दिवसभर दुसऱ्याच्या घरात लाद्या बसवायच्या, झोपेत उतरायचं. मी एकदा विचारलं होतं, तिथं समुद्र आहे का हो? तुम्ही म्हणालात, असेल कुठंतरी.

आहे हो. आमच्या इमारतीपासून चालत जाता येतं. आणि सांगायची बातमी ही, की गेल्या आठवड्यात सकाळी उठून मी सवयीनं गरम नळ सोडला, मग काय वाटलं कोण जाणे, दुसरा सोडून बघितला, आणि गार पाणी आलं! शहनाझ सांगते, इथल्या लोकांचा सुहैल म्हणून तारा आहे, तो दिसला की उन्हाळा खलास. ह्या दिव्यांच्या झगमगाटात मला तारा कुठला दिसायला? माझा तारा नळात उगवला. मी सगळ्यांना हाका मारून उठवलं. सोमनाथ घाबरून धावत आला. मी त्याचा हात धरून धारेखाली घातला. मला वाटलं आता चिडणार. पण तो तसाच उभा राहिला, हात ओला, डोळे मिटलेले, श्वास घेत, घड्याळानं न सांगता. मग आम्ही सगळ्या खिडक्या उघडल्या. जूनपासून बंद घर ते. पडदे असे फुगले, जणू पाहुणे आत आले. खालच्या दुकानातला भाजलेला पाव आत आला, कुणाचं तरी मूल रडलं ते आत आलं, बांग आली. मला एकदम माणसांत आल्यासारखं झालं.

आता रोज संध्याकाळी मी आणि शहनाझ समुद्राकाठच्या बाकावर जाऊन बसतो. काही करत नाही. ती तिच्या नवऱ्याची, अलीमियाँची, चहाडी करते, मी तुमची. तिनं परवा विचारलं, तुमचे मिस्टर रुसलेत का? मी म्हटलं, नाही गं, त्यांचा चेहराच तसा आहे. समोर गावठी कोंबड्यांसारखे समुद्रपक्षी वाळूत चरतात, लोक सावकाश चालतात, उन्हाळाभर कोंडलेली पोरं सुटल्यासारखी पळतात. शनिवारी घरचे सगळे डबे घेऊन तिथंच येतात. सोमनाथ चटईवर आडवा झाला की घोरतो, तुमच्यासारखाच, सुरुवातीला शिट्टी आणि मग गिरणी. मी त्याच्याकडं बघते आणि मला वाटतं, ह्याच्या बापाला ह्या देशात एकदा तरी असं उताणं पडलेलं बघायचंय. भर संध्याकाळी, काहीएक काम नसताना.

ममता म्हणते कागद संपत आला, यल्ला आई, आटपा आता. बघा, हीसुद्धा शिकली. तेव्हा आता पत्र कशासाठी ते सांगते, आणि हिनं डोळे पुसत लिहिलं तर अक्षर वाईट येईल, ते चालवून घ्या. तुमची रजा संपली की मी एसटी स्टँडवर यायची. गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून घरची वाट धरायची. तुम्हाला वाटायचं, हिला म्हशीची धार काढायची घाई. पुढं तुम्ही मुंबईला कसे जायचात, विमानात कुणाशेजारी बसायचात, मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाहीत. जूनमध्ये मी पहिल्यांदा विमानात बसले. मला पट्टा लावता येईना, एका पोरीनं लावून दिला. विमान वर चढलं, खाली सगळं लहान लहान झालं, आणि मला कळलं की तुम्ही दर वेळी हे एकट्यानं बघत होतात. तेव्हाच ठरवलं. सोमनाथला सांगितलंय, परतीच्या दोन जागा काढ, लागून लागून. तुम्हाला हा देश आवडावा असा माझा हट्ट नाही. बाकावर बसा, नाही तर घरात बसा, तोंड वाकडं करून बसा. पण ह्या देशातून एकदा माझ्याबरोबर निघा. येताना तेवढे एकटे या, हे शेवटचं. जाताना मी आहे. आणि खिडकीजवळ मी बसणार, आत्ताच सांगून ठेवते. तुमचं पुष्कळ वेळा बघून झालंय.

वाट बघणारी, पण उपाशी न राहणारी,
तुमचीच
तानू